वाफेच्या खोलीतला जंतू

बाई उठून उभी राहिली, तशी अंगणातल्या दोनशे माणसांच्या अंगावर काटा आला. तासाभरापूर्वी तिला चौघांनी वाफेच्या खोलीतून उचलून आणलं होतं. पाय लोंबत होते, डोळ्यांना धड दिसत नव्हतं. वाफेवाल्या बाबांनी तिच्या पाठीवर वेताचे अकरा तडाखे हाणले. कातडी फाटली. मग गार पाण्याच्या बादल्या ओतल्या, अर्धा तास प्रवचन दिलं, आणि ती चक्क चालू लागली.

दोघी बहिणींतली ही धाकटी, घड्याळं दुरुस्त करायची. दोन वर्षांपूर्वी तिची बोटं बधिर झाली, नजर धूसर झाली. डॉक्टरीणबाईंनी मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे नसांच्या एका आजाराचं, निदान करून इंजेक्शनं सुरू केली होती. बाबांनी ती बंद करायला लावली.

"डॉक्टरच म्हणतात ना, यामागे जंतू असेल?" बाबा सांगत होते. "तो कण्यात बिऱ्हाड करून बसलाय. वाफेनं चवताळतो, म्हणून पाय जातात. मग माझा वेत त्याची मान मोडतो." जंतूला कण्यातली ती खोली जणू बाबांनीच भाड्यानं मिळवून दिली होती, इतका त्यांना पत्ता पाठ.

घरी थोरली बहीण तिच्या पाठीला मलम लावत होती. धाकटी कण्हत म्हणाली, "दुखतंय. पण ताई, मी चालले ना."

थोरली कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. तिला मागचा उन्हाळा आठवला. धाकटी डबा द्यायला आली आणि इस्त्रीच्या दालनातल्या उकाड्यात तिचे पाय लटपटले. बाहेर पंख्याखाली बसवल्यावर थोड्या वेळानं तीच उठून घरी गेली. त्या दिवशी तिला कुणी मारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरलीनं तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पाठीवरचे वळ पाहून डॉक्टरीणबाईंनी आधी जखमा धुतल्या.

"एक साधा विषाणू या आजाराला सुरुवात करून देत असावा, असं संशोधन सांगतं," त्या म्हणाल्या. "पण तो जवळपास सगळ्यांच्याच अंगात असतो आणि आजार मोजक्यांना होतो. बाकी काय कारणीभूत ठरतं, ते अजून शोधताहेत. शरीराचे पहारेकरीच नसांवरचं आवरण कुरतडतात, एवढं नक्की. अशा नसा अंग तापलं की काम सोडतात, निवलं की पुन्हा करतात. वेताचा यात काडीचाही संबंध नाही."

पण धाकटीच्या नवऱ्यानं बाबांकडेच जायचा हट्ट धरला आणि तिचंही मन डळमळलं. पुढच्या बैठकीला वाफेतून उचलून आणल्यावर नवऱ्यानंच तिचे खांदे दाबून धरले. चौथ्या तडाख्याला रक्त त्याच्या तोंडावर उडालं. थोरली मध्ये घुसली. पाचवा तडाखा तिच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला. नवऱ्याचे हात आपोआप सुटले.

"आता मारू नका," थोरली दातओठ खात म्हणाली. "नुसतं पाणी ओता आणि थांबा."

अर्ध्या तासानं धाकटी उभी राहिली.

"चार फटक्यांतच मेला बघा जंतू," बाबा म्हणाले. गर्दीनं माना डोलावल्या.

तेव्हा धाकटी म्हणाली, "मला परत आत बसवा. या वेळी एकही फटका नको, मंत्र नको."

"अगं, नको," नवरा रडकुंडीला आला. ती भिंतीला धरून स्वतःच आत गेली. दहा मिनिटांत कोसळली. बाहेर आणून पाणी ओतलं. बाबांनी प्रवचनाला तोंड उघडलं, तर थोरली म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. तुम्ही बोलता ते फक्त अंग निवेपर्यंत वेळ काढायला."

सगळे पाहत राहिले. धाकटीचे अंगठे हलले, मग गुडघे. ती उठली.

गर्दीतल्या एका गवंड्याच्या बायकोला याच वेतानं कायमचं अंथरुणाला खिळवलं होतं. त्यानं वीट उचलून बाबांच्या तोंडावर हाणली. दोन दात मातीत पडले. मागून आणखी माणसं धावली, तशी धाकटी लटपटत आडवी आली.

"मारून माझा आजार गेला नाही, याची लबाडीही जाणार नाही. पोलिसांना बोलवा. वळ मी दाखवते."

बाबा तुरुंगात गेले. धाकटीची इंजेक्शनं पुन्हा चालू झाली. उजवा पाय मात्र अजून ओढतो. आजार बरा झाला असं तिला कुणीही सांगितलेलं नाही, आणि ते तिला चालतं.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच करा. त्यातली एकेक गोष्ट बाजूला काढा, वेत काढा, मंत्र काढा, बाबा काढा. आणि तरीही तेच घडतं का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.