बाईसाहेबांचा दुखरा पाय

बारकीला टेनिस शिकवलं तिच्या मामाने. मामाला टेनिस शिकवलं होतं टीव्हीने, आणि टीव्हीवर तेव्हा बाईसाहेबांशिवाय दुसरं कुणी दिसायचंच नाही. इतर खेळाडू त्यांना तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे बाईसाहेब. मामा मात्र पाठीमागेही ताईच म्हणायचा, तेही आवाज खाली आणून.

सर्व्हिसच्या आधी तळहातावर फुंकर मारायची, चेंडू मागताना भुवई उडवायची, ही सगळी सोंगं बारकीने बाईसाहेबांची उचलली होती. पण सोंगांसोबत तिने बाईसाहेबांचा बॅकहँडही उचलला, आणि ते काही सोंग नव्हतं. त्या बॅकहँडच्या जोरावर वर्षातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत ती एकेकीला घरी पाठवत उपांत्य फेरीपर्यंत आली. समोर कोण? बाईसाहेब.

सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत त्या बाकावर पाय पसरून बसल्या होत्या. एकजण खांदे दाबत होती, दुसरी त्यांचा फोन त्यांच्या तोंडासमोर धरून उभी होती. फोन धरायलाही माणूस लागावा एवढ्या त्या थोर झाल्या होत्या.

बारकी घाबरत पुढे गेली. "ताई, मी लहानपणापासून तुमचाच खेळ..."

"अगं, आज तूच आहेस होय!" बाईसाहेबांनी तिला पायापासून वर न्याहाळलं. "घाबरू नकोस हं. लवकर आटपते मी."

खांदे दाबणारी हसली. फोन धरणारी हसली. बारकीही हसली, आणि त्याचा तिला पुढे फार राग आला.

पहिला सेट बाईसाहेबांच्या हिशेबाने चालला नाही. बारकी चेंडू असा काही कोपऱ्यात मारत होती की बाईसाहेब नुसत्या बघत राहायच्या आणि मग पंचाकडे असं पाहायच्या, जणू रेषा त्यानेच गुपचूप सरकवली आहे. सेट बारकीने सहज घेतला. दुसऱ्यातही ती पुढे गेली, आणि तेवढ्यात बाईसाहेबांनी डावी मांडी धरली.

काय ते कण्हणं! फिजिओ धावला, मांडी चोळून झाली, पट्टी गुंडाळून झाली. प्रेक्षकांत बायकांनी डोळे टिपले. बारकी बिचारी खुर्चीवर बसून थंड पडत होती. तिला राहवलं नाही. तिने आपल्याजवळची बर्फाची पिशवी उचलली आणि स्वतः त्यांना नेऊन दिली. बाईसाहेबांनी तिचा गाल थोपटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर बारकीचा हात चालेना. दुखऱ्या माणसाला पळवायचं तरी कसं? वरून बॉक्समधून मामा हात जोडून ओरडत होता, "हळू मार गं, लागलंय त्यांना!" पोरीचा कोच तो, पण जीव सगळा पलीकडच्या बाजूला. बारकी चेंडू हातात आणून दिल्यासारखे मारू लागली, आणि बाईसाहेब ते सणसणीत परत पाठवू लागल्या. मधल्या वेळेत लंगडायच्या, चेंडू आला की लंगडणं विसरायच्या. दुसरा सेट त्यांनी खिशात घातला.

तिसऱ्या सेटसाठी दोघी बाजू बदलत होत्या, तेव्हा बारकीचं लक्ष गेलं. पट्टी डाव्या मांडीवर होती. बाईसाहेब लंगडत होत्या उजव्या पायाने.

बारकी थबकली. तिने पुन्हा नीट पाहिलं. उजवाच. तिची कानशिलं तापली. हिला आपण बर्फ नेऊन दिला! हिने गाल थोपटला, आणि आपण तो थोपटू दिला!

पुढच्याच चेंडूला तिने नेटजवळ अलगद ड्रॉप शॉट टाकला. बाईसाहेब हरणासारख्या धावल्या. पुढचा चेंडू तिने डोक्यावरून मागे उडवला, तर त्या वळून तितक्याच मागे धावल्या. मग पुन्हा नेटजवळ. धावणं आवरणं त्यांच्या हातात नव्हतं, हरण्याची सवयच नव्हती त्यांना. वरच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला, "बऱ्या झाल्या की हो बाई!" आणि सगळं स्टेडियम खो-खो हसलं.

बाईसाहेब लाल झाल्या. त्यांनी पट्टी ओरबाडून काढली आणि खुर्चीकडे भिरकावली.

मग त्या खेळल्या. इतका वेळ नुसतं नाटक चाललं होतं, आता खेळ सुरू झाला. टीव्हीवर कधी कळला नव्हता तो त्यांच्या चेंडूचा भार बारकीच्या मनगटाला कळला. तीही हटली नाही. अटीतटीने चाललेला सेट बाईसाहेबांनी जेमतेम जिंकला, आणि त्यांचा शेवटचा बॅकहँड बारकीला हवेत झेपावूनही मिळाला नाही. एवढा खेळ अंगात असताना या बाईला लंगडायची काय गरज पडली, हे तिला काही केल्या समजेना. हरल्याचं दुःख होतंच, पण किळस त्याहून जास्त होती.

नेटजवळ हात मिळवताना तिने विचारलं, "ताई, पाय कसा आहे?"

"कोणता?" बाईसाहेब म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

बारकीने हात सोडवून घेतला.

पत्रकारांनी तिला विचारलं, आदर्श खेळाडूकडून हरताना कसं वाटलं? ती म्हणाली, "शेवटचा सेट त्या खेळल्या. तशाच सुरुवातीपासून खेळल्या असत्या, तर मी कदाचित लवकर हरले असते. पण मला ते आवडलं असतं." शेजारच्या खोलीत बाईसाहेब दुखापतीवर मात कशी केली ते सांगत होत्या, त्यामुळे बारकीचं बोलणं ऐकायला फारसं कुणी थांबलं नाही.

ती कँटीनमध्ये जाऊन जेवायला बसली. पोटात कावळे ओरडत होते. मामा मात्र बाईसाहेबांसोबत फोटो काढायचा म्हणून बाहेरच्या बोळात ताटकळत उभा राहिला. बऱ्याच वेळाने आला तो उजळलेल्या चेहऱ्याने.

"बोलल्या गं माझ्याशी!"

"काय म्हणाल्या?"

मामाने खुर्ची ओढली, पाण्याचा ग्लास पुढे घेतला. "जरा बाजूला व्हा, म्हणाल्या. घाईत होत्या ना."

बारकीने त्याच्याकडे पाहिलं आणि आणखी भात वाढून घेतला.