अख्ख्या गल्लीची एक खुर्ची

थांबा, लगेच बसू नका. आधी माझं ऐकून घ्या, कारण एकदा कुणी बसलं की माझ्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. मी खुर्ची बोलतेय. प्लास्टिकची, दोन हातांची, लाल. म्हणजे एके काळी लाल. आता उन्हाने विटून कोणता रंग उरलाय ते तुम्हीच ठरवा.

लोकांना वाटतं, खुर्ची म्हणजे एका जागी ठाण मांडून राहणारी वस्तू. माझं बघा. चार पाय आहेत, पण कुठे टेकले म्हणेपर्यंत कुणीतरी मला उचलतं. दारात चप्पल वाजली की माझ्या जिवाची घालमेल सुरू होते. आता कुठे नेतात? परत कधी आणतात? आणतात तरी का?

माझ्या जन्माची गोष्ट फार लांबलचक नाही. कारखान्यात गरम रस साच्यात गेला आणि बघता बघता मी बाहेर पडले. बालपण वगैरे काही नाही. बाहेर आले ती थेट दुसऱ्या खुर्चीच्या मांडीवर, आणि माझ्या मांडीवर तिसरी. तशीच आमची उतरंड हातगाडीवर चढली आणि हातगाडी या गल्लीत शिरली. मावशीने मला उपसून काढलं, उलटं केलं, पाय दाबून बघितले. मग नाक मुरडून भाव पाडून घेतला आणि मला घरात नेलं.

मावशी शिवणकाम करते. खरी मावशी ती कुणाचीच नाही, पण गल्लीतलं शेंबडं पोरही तिला मावशीच म्हणतं. मला तिने आणलं ते कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या बायकांसाठी. ती स्वतः मशीनसमोरच्या स्टुलावर बसते. पण गल्लीत दुसरी धड खुर्ची नव्हती, त्यामुळे मी फार दिवस मावशीची राहिले नाही. कुणाकडे डॉक्टर आले, खुर्ची न्या. शाळेतल्या बाई आल्या, खुर्ची न्या. समोरचा इस्त्रीवाला तर मला टोपीसारखी डोक्यावर उलटी घालून नेतो. एकदा त्याने बोलण्याच्या नादात गरम इस्त्री माझ्या डाव्या हातावर टेकवली. त्याचा काळा तिकोनी डाग अजून आहे. माफी त्याने मावशीची मागितली.

मावशी कधी कुणाला नाही म्हणाली नाही. मला कुणी विचारलंच नाही.

मग पेंटरबाबा आजारी पडले आणि मला पहिल्यांदा खरं काम मिळालं.

पेंटरबाबा म्हणजे गल्लीच्या मधल्या खोलीतले म्हातारे. आयुष्यभर लोकांची घरं रंगवली. एका सकाळी उठायला गेले तर डावी बाजू हलेना, जीभही जड झाली. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, तो कधी येईल त्याचा नेम नाही. घरात उरली सून. बाबा तिला सूनबाई म्हणायचे, म्हणून सगळी गल्लीच तिला सूनबाई म्हणते. ती एका गोदामात खोकी भरायच्या कामाला जाते. बाबांकडे बघायला मधूनच दोनदा घरी पळून आली, तेव्हा तिथल्या मुकादमाने सांगितलं, पुन्हा असं केलंस तर आत येऊ नकोस. ट्रकचा पगार वेळेवर येईलच असं नाही, त्यामुळे गोदाम सुटलं तर चूल थंड. इतका साधा हिशेब होता.

बाबांचा पलंग एका अंगाने भिंतीला लावलेला. दुसरं अंग उघडं. झोपेत कूस बदलायला गेले की ते गडगडत खाली यायचे. मग सूनबाईने मावशीकडून मला मागून नेलं. माझी पाठ पलंगाला टेकवली आणि मांडीवर पाण्याने भरलेला कॅन ठेवला, म्हणजे मी सरकू नये. बाबा माझ्या पाठीच्या फटीत उजव्या हाताची बोटं अडकवून झोपायचे. सूनबाई पाणी, औषध त्यांच्या हाताशी ठेवायची, बाहेर जायची आणि दाराला बाहेरून कडी लावायची. ती कडी लावताना तिचा हात अडखळायचा. मला आतून ऐकू यायचं.

खरं सांगते, ते दिवस मला आवडत होते. खोलीत उकडायचं, कॅनच्या ओझ्याने माझे पाय फाकायचे, पण मी कुठेतरी होते आणि तिथे माझी गरज होती. संध्याकाळी कुणी पाहुणा आला तर मला न्यायचे, पण सकाळी मी पुन्हा पलंगाशी.

अशात पाहणीवाल्या ताई आल्या.

ताई समाजकार्याच्या एका संस्थेतून आल्या होत्या. ओढगस्तीतली घरं कशी दिवस काढतात, आजारपणात कुणाच्या आधाराने उभी राहतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. बाई भली होती. चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची, घाईने बोलायची नाही. त्यांच्या संस्थेने एक मदतनीस नेमायची ठरवली होती. ती घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे बघणार होती. पण मदतनीस एकच, आणि गल्ल्या दोन. आमची आणि भट्टीमागची. जिथली अवस्था जास्त वाईट, तिथे ती जाणार.

आता गंमत ऐका. गंमत कसली, माझ्या जिवाला अजून लागून राहिलंय ते. ताईंना शिकवलं होतं की घरात काय आहे, काय नाही, हे तोंडाने विचारायचं नाही. माणूस ओशाळतो. नजरेनेच टिपायचं. आणि आमच्या गल्लीची रीत अशी की बाहेरचं माणूस आलं तर त्याला जमिनीवर बसवायचं नाही. तेव्हा ताई पहिल्या घरातून उठल्या की इस्त्रीवाला मला डोक्यावर घालून मागच्या बोळातून पुढच्या घरी पळायचा. ताई दारातून आत येतात तो मी हजर. ताई माझ्यावर बसायच्या, टॅब मांडीवर घ्यायच्या आणि टिपायच्या, घरात खुर्ची आहे. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. त्यांनीही माणसांची लाज राखली, गल्लीनेही राखली, आणि मधल्यामध्ये मी एकटी घामाघूम. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो ताई, खाली बघा जरा, मीच आहे. पण खुर्चीचं कोण ऐकतं?

सूनबाईच्या अलीकडची घरं आदल्या संध्याकाळी झाली होती. सकाळी त्या सूनबाईकडे आल्या तेव्हा ती कामाला निघायच्या घाईत होती. तिने माझ्या मांडीवरचा कॅन उतरवला, पदराने मला पुसलं आणि पुढे ओढलं. ताईंनी झोप लागते का, दुखणं आलं तर कुणाला हाक मारता, असं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, बाबांना कधी एकटं ठेवावं लागतं का?

सूनबाईने उगाच कॅनचं झाकण घट्ट केलं. म्हाताऱ्यांना कोंडून ठेवणाऱ्यांची नावं वर कळवतात आणि म्हातारी माणसं उचलून नेतात, असं गल्लीत कुणीतरी उठवून दिलं होतं. त्यात तिची नणंद आधीच टपलेली, माझ्या बापाचे हाल करते म्हणायला.

"नाही ताई," ती म्हणाली. "कुणी ना कुणी असतंच."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ताईंनी टिपलं, सोबत आहे.

त्या उठल्या तशी इस्त्रीवाल्याने मला उचललं. "वहिनी, पुढच्या घरी नुसती टेकवतो आणि लगेच आणून लावतो," असं त्याने वचन दिलं. सूनबाईला उशीर होत होता. तिने माझ्या जागी गोधडीची गुंडाळी लावली, कडी घातली आणि ती पळाली.

पुढच्या घरी ताई रमल्या. त्याच्या पुढच्या घरी चहा झाला. इस्त्रीवाला गिऱ्हाइकाच्या नादात मला पार विसरला. मी गल्लीच्या टोकाच्या घरात ताईंना मांडीवर घेऊन उभी होते आणि माझं सगळं चित्त त्या उघड्या पलंगापाशी होतं. ताई विचारत होत्या, मनाला शांतता वाटते का? मला नाही वाटत, मी म्हणत होते, मला अजिबात नाही वाटत, उठा, मला जाऊ द्या.

बाबा दुपारीच पडले. सूनबाई संध्याकाळी आली तोपर्यंत ते फरशीवर होते. कोपर सोललेलं, कपडे ओले, गोधडी अंगाखाली. तिने मावशीला हाक मारली, दोघींनी मिळून त्यांना वर घेतलं. इस्त्रीवाला मला घेऊन आला आणि दारातच थबकला.  सूनबाईने त्याच्या हातातून मला घेऊन पलंगाला लावलं, कॅन ठेवला आणि मग कॅनवर डोकं टेकून ती रडली. तिचे हुंदके माझ्या पायांपर्यंत जाणवत होते. मला त्या दिवशी जितकी लाज वाटली, तितकी कधी वाटली नाही. माझा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणून बघितलं. उपयोग झाला नाही.

पुढे ताईंनी जाता जाता मावशीला सांगितलं की भट्टीमागची गल्ली जास्त वाईट अवस्थेत दिसते. इथे बसायला निदान घरोघर खुर्ची आहे, आजाऱ्यांजवळ माणूस आहे. खात्री करायला पुन्हा एक फेरी मारू, मग ठरवू. मावशीने ते सूनबाईच्या कानावर घातलं. वर एवढंच म्हणाली, "बघ बाई. खोटं बोलायला मीही तुला सांगितलं नव्हतं आणि खरं बोलायलाही सांगणार नाही. माझीच खुर्ची सगळीकडे फिरली, मी कुठल्या तोंडाने सांगू?"

दुसऱ्या फेरीला ताई सकाळीच आल्या. आणि इतकं सगळं घडूनही गल्लीची सवय सुटली नव्हती. पहिल्या घरातून हाक आलीच, अरे खुर्ची आणा. इस्त्रीवाला खाली मान घालून सूनबाईच्या दारात उभा राहिला. "वहिनी, या वेळी मी स्वतः तिथेच थांबतो. ताई उठल्या की लगेच," तो म्हणाला आणि कॅनला हात घातला.

सूनबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. 

"नाही भाऊ. ती इथून हलणार नाही."

गल्लीत पाहुण्याच्या खुर्चीला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. खुर्ची राहू दे म्हणत इस्त्रीवाल्याच्या मागोमाग आलेल्या ताईंनी ते ऐकलं. अपमान वाटला असता तरी नवल नव्हतं. पण त्या आत आल्या, पलंगाशेजारी फरशीवरच मांडी घालून बसल्या, आणि तेव्हा त्यांचे डोळे बरोबर माझ्या डाव्या हातासमोर आले. त्या डागाकडे त्या बघत राहिल्या. मग त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ही खुर्ची... मी प्रत्येक घरात हिच्यावरच बसले होते का?"

इस्त्रीवाला पायाने जमीन उकरू लागला. मावशी मशीन सोडून आली होती, ती दारातूनच म्हणाली, "माझी आहे ती. बाकी कुणाची नाही. तुम्हाला खाली कसं बसवायचं, म्हणून..." ताईंना हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं, कारण सूनबाई बोलायला लागली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मी बाहेरून कडी लावून जाते ताई. सोबत कुणी नसतं. ही खुर्ची अशी लावते आणि कडी लावते. त्या दिवशी तुम्ही हिच्यावर बसला होतात, तेव्हा ते खाली पडले. संध्याकाळपर्यंत तसेच होते." ती थांबली नाही. "आता माझं नाव कळवायचं तर कळवा. पण यांना नेऊ नका."

 ताईंनी टॅब बाजूला ठेवला. बाबांची बोटं माझ्या पाठीच्या फटीत होती. ती घट्ट झाली, आणि जड जिभेने ते एकच शब्द बोलले, "खरंय." सुनेच्या बाजूने बोलले की सुनेची तक्रार केली, असा विचार एक क्षण सगळ्यांच्या मनात आला असणार. मग त्यांनी तोच हात सोडवून तिच्या डोक्यावर ठेवला.

कुणाचं नाव कळवायला त्या आल्याच नव्हत्या, हे ताईंनी नीट समजावून सांगितलं. आपल्या बसण्यामुळे काय झालं, याबद्दल त्यांनी बाबांची माफी मागितली. मदतनीस मिळेलच, असा शब्द मात्र दिला नाही. त्या दिवशी त्या पुन्हा पहिल्या घरापासून निघाल्या. या वेळी प्रत्येक घरी जमिनीवर बसल्या आणि तोंडाने विचारलं. लोक ओशाळले, हे खरं. पण बोललेही.

संस्थेने शेवटी मदतनीस वाटून दिली. सकाळी ती आमच्याकडे येते, दुपारी भट्टीमागच्या गल्लीत जाते, कारण तिथेही कुणीतरी फरशीवर पडतच असेल. बाई धडधाकट आहे, बाबांना बसवते, हातपाय हलवून घेते, आणि कामात असताना मला लाथेने कोपऱ्यात सरकवते. सरकवू दे. ती जाताना मला पलंगाला लावते आणि दार नुसतं लोटून घेते. कडी लागत नाही. मावशी मशीनवरून डोकावत राहते. सूनबाईचं गोदाम टिकलंय.

मी मात्र म्हातारी झालेय. मागचा एक पाय तडकलाय, कॅन ठेवला की करकरते. अजूनही बोळात चप्पल वाजली की जीव घाबरा होतो. तर एवढंच सांगायचं होतं. तुमच्याकडे डॉक्टर येवो, साहेब येवो, कुणीही येवो. सकाळी मला खुशाल घेऊन जा. संध्याकाळी सूनबाई घरी आली की तेव्हाही न्या. फक्त दुपारी मला कुणी मागायला येऊ नका.