वाकड्या पायाचं स्वस्तिक

आज सकाळपासून ऊन नुसतं भाजून काढतंय. ऑक्टोबर आहे, वारा असा नाहीच. मधेच खाडीकडून एखादी खारट झुळूक येते, तीही धूळ घेऊनच. भाईंदरजवळ हाटकेशला आमच्या बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांवर पिठासारखा थर बसलाय. एकाच गाडीवर तो टिकत नाही, घसरून जातो. ती पांढरी जुनी गाडी आमची.

मी पंचा बोलतोय. आता लोक मला फडकं म्हणतात, तेही खोटं नाही. मला लिहिता-वाचता येत नाही. अंगावर कधी अक्षर नव्हतं, नुसता लाल काठ होता. तोही आता राहिला नाही. पण जे बघितलं ते सांगतो. सावकाश सांगतो, मला घाई जमत नाही.

मागावरून उतरलो, गठ्ठ्यात बांधला गेलो आणि भाईंदरच्या एका दुकानात येऊन पडलो. तिथून मला काशीनाथने घेतलं. हा रत्नागिरीकडचा माणूस. इथल्या कारखान्यात लेथवर उभं राहून म्हातारा झाला. त्याच्या बायकोला, चंपाला, अर्धांगवायू झाला होता. रिक्षात तिला चढता येईना. दवाखान्यात व्यायामाला न्यायची तर कशी न्यायची? म्हणून त्याने ही गाडी जुन्यात घेतली.

तीन वर्षांपूर्वीचा दसरा. गाडीचा पहिलाच. मीही त्या दिवशी नवाकोरा, काशीनाथच्या खांद्यावर. चंपाचा उजवा हात चालत नव्हता. तिने तेलात कुंकू कालवलं आणि डाव्या हाताने बॉनेटवर स्वस्तिक काढायला घेतलं. हात थरथरत होता. खालचा एक पाय पार वाकडा गेला.

काशीनाथ हसला. "अगं, वाकडा काढलास की!"

"गाडी तरी कुठे सरळ चालवता तुम्ही?" ती म्हणाली. आणि कुंकवाचं बोट पुसलं ते माझ्याच कोपऱ्याला.

"अगं, नवा पंचा आहे!"

"असू दे. एवढं काय त्याचं."

संक्रांतीच्या आधी चंपा गेली.

ते कुंकू पुसून काढायचं राहून गेलं होतं. उन्हात तापून तापून ते पांढऱ्या रंगात उतरलं. वरचं गेलं तरी गुलाबी डाग राहिला, वाकड्या पायासकट. काशीनाथने मला खांद्यावरून काढलं आणि गाडी पुसायला घेतलं. मला वाईट नाही वाटलं. रोज सकाळी छप्पर, काचा, दारं आम्ही पुसायचो. बॉनेटवर आलो की त्याचा हात हळू व्हायचा. डागाच्या कडेकडेने मला फिरवायचा, जसं निजलेल्या पोराच्या कडेने झाडू मारावा तसं. गाडी आता कुठे जात नव्हती. कुणाला न्यायचं?

पण ऊन कुणाचं ऐकतं? डाग दरवर्षी फिका होत गेला. यंदा पावसाळा संपला तेव्हा काशीनाथला चष्मा लावून, वाकून शोधावा लागला.

तेवढ्यात शेजारच्या जितेशने आपल्या गाडीला सीलंट करून आणलं. "काका, एकदा लावलं ना, वर काचेसारखा थर बसतो. ऊन नाही, पाणी नाही, काय पण आत जात नाही. रंग आहे तसा लॉक!"

काशीनाथने हे मनात धरलं. चार दिवस गेले. मग मला खांद्यावर टाकून गॅरेजात गेला.

तिथल्या सुभाषने तीन प्रकार दाखवले. एक मेणाचा, दोन-तीन महिने टिकणारा. एक बाटलीतला, वर्षभराचा. आणि तिसरा सगळ्यात पक्का. काशीनाथने तिन्ही बाटल्या हातात घेऊन उन्हाकडे धरून बघितल्या. लेथवरचा माणूस, घाई नाही.

"ह्याने उन्हात फिकं व्हायचं थांबतं?"

"एकदम थांबतं, काका."

"किती वर्षं?"

"तुम्ही कंटाळाल, पण हे जाणार नाही."

काशीनाथने तिसरी बाटली निवडली. बॉनेटवर काय आहे ते बोलला नाही. परक्या माणसाला काय सांगायचं, बायकोचं बोट म्हणून? लाज वाटली त्याला. त्याला वाटलं, थर वरून बसतो, खालचं खाली राहतं. लोणच्यावर तेल ओततात तसं. आधी सगळं घासून, रगडून साफ करावं लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

काल संध्याकाळी गाडी न्यायला गेलो. काशीनाथ सरळ बॉनेटकडे गेला. वाकला. चष्मा काढला, पुसला, लावला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. बोट फिरवलं.

"बघता काय, काका? तोंड दिसतंय त्यात!" सुभाष खुशीत होता. "इथे एक गुलाबी डाग होता बघा. लय हट्टी. बाकी गाडी एकीकडे आणि तो एक डाग एकीकडे. पण सोडला नाही मी."

त्याची काही चूक नव्हती. मन लावून काम केलं होतं त्याने.

"छान झालंय," काशीनाथ म्हणाला. निघताना सुभाषने एक मऊ पिवळं कापड दिलं. म्हणाला, आता तुमचं ते फडकं लावू नका, ओरखडे पडतील.

आज काशीनाथ सकाळपासून गाडीशेजारी कट्ट्यावर बसलाय. पुसायला काही नाही. मला मात्र सवयीने घेऊन आलाय, मुठीत चुरगाळून धरलंय. आणि त्याच मुठीच्या आत, घडीत, माझा तो कोपरा आहे. कितीदा धुतलं, काळं-पिवळं सगळं लागलं, तरी एक बोटभर गुलाबी तिथे आहे. चंपाचंच ते. काशीनाथला आठवत नाही. तीन वर्षं त्याचे डोळे बॉनेटवरच होते.

मूठ उघड रे, बाबा. एकदा मला उलगड. दुसरं काही मागत नाही मी.

पण पंच्याला कुठलं तोंड? काशीनाथ समोर त्या चकचकीत पांढऱ्याकडे बघत बसलाय. जितेश कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि शीळ घातली.

"काय काका, शोरूममधून काढल्यासारखी झाली! शोधून एक डाग नाही. आणि हातात हे काय धरून बसलात? द्या इकडे, मी चाललोच आहे कचरा टाकायला."