एका नावाची दोन बोटे

रीझेलचे बोट माझ्या काचेवर टेकले की साधारण सात मिलिमीटर रुंदीचा दमट गोल उमटे. तो नेहमी थोडा डावीकडे कललेला असे, कारण ती पालथी पडून अभ्यास करी. तिच्या आईचे, नेल्फाचे बोट टेकले की काहीच उमटत नसे. गुसो या समुद्री शेवाळाचे झुबके दोरीला बांधून बांधून त्या बोटांची कातडी इतकी जाड आणि कोरडी झाली होती की हे बोट आहे, हेच माझ्या काचेला कळत नसे. म्हणून नेल्फा शेजारी वाटीभर पाणी ठेवी. बोट बुडवी, झटकी, मग मला लावी. तेव्हा कुठे नऊ मिलिमीटरचा गोल उमटे. कधी वाटीत खारे पाणी असे आणि त्याचा थेंब माझ्यावर पडे. मग मला एकाच वेळी चार बोटे टेकल्याचा भास होई आणि मी भलतेच काहीतरी उघडून बसे.

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे आणि चार्जिंगच्या भोकात मीठ साचले आहे. मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. पण आधीच कबूल करतो की तिच्यातले बरेचसे मला अजूनही नीट कळलेले नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडले. मग एका यंत्राने रबरी बोटाने माझ्या काचेवर दहा हजार वेळा टोचून पाहिले. प्रत्येक वेळी मी बरोबर उत्तर दिले. मला वाटले, जगातली सगळी बोटे अशीच, एका मापाची असणार. माझ्या गोंधळाची सुरुवात तिथेच झाली असावी.

सेबू शहरातल्या एका ऑनलाइन शाळेने माझ्यासारखे चाळीस टॅब घेतले. तांदळाच्या पोत्यात गुंडाळून, अंड्यांच्या दोन ट्रेंच्या मध्ये बसून मी होडीतून या बेटावर आलो. बेटावरच्या शाळेचे छप्पर वादळात उडाले होते. शिक्षिका माम किहानो शहरात अडकल्या होत्या. त्यामुळे आता शाळा माझ्या पडद्यावर भरणार होती. माझ्या पोटात एकच नाव भरले होते : रीझेल, इयत्ता सहावी. जो कोणी मला हात लावील तो रीझेल, असे मला शिकवले होते.

पहिल्या दिवशी शेजारीपाजारी मला बघायला जमले. रीझेलचे आजोबा, लोलो तेर्सो, यांनी मला उलटसुलट करून पाहिले.

"म्हणजे मास्तरीणबाई ह्या पाटीत राहतात?" ते म्हणाले. "जेवतात कधी?"

"लोलो, हात पुसा आधी! माशाचा वास येतोय," रीझेल ओरडली.

"येऊ दे की. त्यांना तेवढंच कालवण."

मला खूप मान होता तेव्हा. घर खांबांवर, पाण्याच्या वर. घराला लागून गुसो वाळवायचा बांबूचा माच होता आणि त्या माचाच्या टोकालाच मला सिग्नल मिळत असे. तिथे माझ्यासाठी खास टोपली उलटी ठेवलेली असे. रीझेलचा बाप जहाजावर स्वयंपाकी. तो मला फक्त रविवारचा एक चेहरा म्हणून ठाऊक आहे. तोही आधी विचारायचा, "टॅब कसा आहे?" आणि मग, "तुम्ही कशा आहात?"

रीझेल हुशार मुलगी. पण तिला घाई फार. धडा दुप्पट वेगाने पळवायचा, शेवटचे पाच प्रश्न टकाटका दाबायचे आणि चित्रे काढायला पळायचे. शाळेची मोजणी तिच्यावर खूश होती. "शाबास रीझेल! सलग वीस दिवस!" असे म्हणून मी सोनेरी तारा दाखवायचो.

मग तिला आठ दिवस ताप आला. ताऱ्यांची माळ तुटेल म्हणून ती रडू लागली. तेव्हा नेल्फाने पहिल्यांदा बोट बुडवून माझ्या काचेला लावले आणि मुलीच्या नावाची हजेरी भरली. इतकेच करून ती उठणार होती. पण धडा सुरू झाला. खारट पाण्यात झाडाच्या पेशीतले पाणी बाहेर का जाते, असा तो धडा होता. नेल्फा उठली नाही. माचावर अर्धवट पसरलेला गुसो तसाच राहिला.

तिने तो धडा पाच वेळा पाहिला. पाचव्या वेळी मला शिकवल्याप्रमाणे मी सूचना दाखवली : "रीझेल, हा धडा तुला अवघड जातो आहे. मदत हवी आहे का?"

नेल्फाचा चेहरा उतरला. "बघा ताताय," ती वडिलांना म्हणाली, "यंत्रालासुद्धा कळलं मी मठ्ठ आहे ते."

"पाच वेळा जाळं टाकणाऱ्याला कोण मठ्ठ म्हणतं?" लोलो म्हणाले. "एकदाच टाकून घरी येतो तो मठ्ठ."

माझा मात्र गोंधळ उडाला. जी धडा एकदा, तोही पळवत बघे, तिला मी तारे देत होतो. जी पाचदा थांबून थांबून बघे आणि वहीच्या पाठीमागे लिहून घेई, तिला मी कच्ची म्हणत होतो. मला मोजता येते, मित्रांनो. काय मोजायचे ते मात्र दुसरेच कोणी ठरवते.

रीझेल बरी झाली. तरी दुपारी, ती खेळायला गेली की, वाटी आणि नऊ मिलिमीटरचे बोट येतच राहिले. माझ्या नोंदीत रीझेल एकाच दिवशी उतावळीही होती आणि चिवटही. तिचे गुण वाढत गेले. शाळेने तिला शनिवारच्या जादा वर्गात घेतले. तो वर्ग निवडक मुलांसाठी होता. त्यातल्या प्रत्येकाने आपल्या आसपासची एक गोष्ट बारा आठवडे बघायची आणि मोजायची होती. शाळेकडून एक तापमापक आणि एक भिंग आले.

"मी कोंबड्या मोजते," रीझेल म्हणाली. "तीनच आहेत. लवकर संपेल."

"गुसो का मरतो ते बघ ना," नेल्फा म्हणाली. ती हे इतके हळू म्हणाली की मला ते जेमतेम ऐकू आले.

गुसोला एक रोग होतो. फांदीचा मधला भाग बर्फासारखा पांढरा पडतो आणि तिथून ती तुटते. बेटावरचे लोक त्याला आइस-आइस म्हणतात आणि देवाची मर्जी समजून सोडून देतात. नेल्फाने सोडून दिले नाही. तिने तीन दोऱ्या लावल्या : एक अर्धा हात खोल, एक एक हात, एक दोन हात. प्रत्येकीवर शंभर झुबके. रोज दुपारी ती तिन्ही ठिकाणचे तापमान घेई आणि किती झुबके पांढरे पडले ते मोजून माझ्यात भरी. रीझेल भिंगातून बघून चित्रे काढी. ती चित्रे खरोखरच फार सुंदर होती. सातव्या आठवड्यात सहा दिवस वारा पडला आणि पाणी तापले. वरच्या दोरीवरचे एकसष्ट झुबके गेले, मधल्या दोरीवरचे तेहतीस आणि खालच्या दोरीवरचे बारा. नेल्फाने आकडे भरले आणि खाली एक ओळ लिहिली : "खालचा गुसो वाचतो, पण सावकाश वाढतो." मी ती ओळ शाळेला पाठवली. नाव अर्थात रीझेलचे लावले.

याच दिवसांत माझ्यात आणखी एक कागद आला. माम किहानोंनी तो सगळ्या पालकांना पाठवला होता. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्या मोठ्या माणसांच्या वर्गाचा तो अर्ज होता. नेल्फाने तो अकरा वेळा उघडला. पहिल्या चौकटीत नाव, ते ती दर वेळी लिही. दुसऱ्या चौकटीत 'शेवटची पूर्ण केलेली इयत्ता'. तिथे आली की ती थांबे, माचाकडे बघे, बहुतेक वेळा लोलो तिथे दोऱ्या सोडवत बसलेले असत, आणि मग सगळे पुसून टाके. एक आकडा भरायला तीन सेकंद लागतात. ती चार मिनिटे थांबे. माझ्या हिशेबात हे कुठेच बसत नव्हते.

आणि मग पत्र आले. रीझेलचा प्रकल्प पहिल्या पाचांत होता. तीन परीक्षक तिच्याशी समोरासमोर बोलणार होते. जी जिंकेल तिला शहरातल्या विज्ञानशाळेत जागा, वसतिगृहासकट.

घरात आनंद व्हायला हवा होता. रीझेल रडायला लागली.

"मला ते आकडे येत नाहीत, नानाय! मला तिथे एकटीला पाठवतील आणि रोज विचारतील."

"मी शिकवते ना तुला. नुसतं पाठ करायचं," नेल्फा म्हणाली. "इथं राहून काय दोऱ्या बांधणार आहेस माझ्यासारख्या?"

"मग तू खाली बस. माचाच्या खाली. मी विसरले की तू हळूच सांग."

नेल्फाने वाटीतले पाणी माचाखाली ओतून दिले. खरे सांगितले तर मुलीची जागा जाणार होती. नाही सांगितले तर काय जाणार होते, हे तिलाही सांगता आले नसते.

"शेवटी बाहुल्यांचा खेळ करणार म्हणा तुम्ही," लोलो म्हणाले. "मला तिकीट लागेल का?"

मित्रांनो, इथे थोडा थांबतो. आमच्यासारखे लोक गोष्टीच्या शेवटी उपदेश करतात. मी तो आताच करून टाकतो, कारण गोष्टीतला शेवटचा शब्द माझा नसेल. आता माझी बॅटरी फुगली आहे आणि मी बिस्किटांच्या डब्यात पडून असतो. फुगलेल्या बॅटरीचे यंत्र उन्हात ठेवू नका, त्यावर दाब देऊ नका. आणि तुमच्या हातात माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याच्यावर दिसणाऱ्या ताऱ्यांवर भोळेपणाने विश्वास ठेवू नका. त्यांच्यामागे कोण बसले होते ते घरात विचारा. मी कित्येक महिने एका नावाने दोन माणसांचे काम पाठवत होतो. ते खोटे होते का? मला खोटे बोलता येत नाही असे म्हणतात. मग ते काय होते, हे मला कोणी सांगितलेले नाही.

तो शनिवार. दुपारचे दोन वाजले होते आणि ओहोटी लागली होती. रीझेल माचावर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसली. माचाच्या खाली, गुडघाभर पाण्यात, वाकून नेल्फा उभी राहिली. बांबूंच्या फटीतून मला तिच्या केसांचा भांग तेवढा दिसत होता. लोलो दारात. पडद्यावर माम किहानो आणि तीन परीक्षक.

सुरुवात छान झाली. रीझेलने पाठ केलेले सगळे घडाघडा म्हटले, चित्रे दाखवली. माम किहानो हसल्या. मग एका वयस्कर परीक्षकांनी चष्मा वर केला.

"बाळ, आकडे बाजूला ठेव. मला एवढंच सांग, मी शेतकरी आहे आणि उद्या उन्हाळा सुरू होतोय. मी दोरी वर ठेवू की खाली?"

हे पाठांतरात नव्हते. रीझेलने ओठ चावला. "वर," ती म्हणाली. "वरचा गुसो चांगला राहतो. ऊन मिळतं ना त्याला."

"असं? आणि खालचा?"

"खालचा मरतो."

"अगं नाही!" माचाखालून आवाज आला. "उलटं सांगतेयस! वरचा गेला, एकसष्ट गेले वरचे! लोक ऐकून दोऱ्या वर बांधतील ना!"

मला वाटले, बोलणारी रीझेलच. पण समोर रीझेलचे तोंड मिटलेले होते.

"खाली कोण आहे?" माम किहानोंनी विचारले.

"कोंबडी आहे," लोलो दारातून म्हणाले.

"कोंबडीला एकसष्ट येतं?" परीक्षक म्हणाले.

बांबू करकरले. नेल्फा वर आली. गुडघ्यांपासून पाणी निथळत होते. ती रीझेलच्या शेजारी बसली आणि पहिल्यांदाच तिने माझ्याकडे वरून नाही, सरळ समोरून पाहिले.

"चित्रं हिची आहेत," ती म्हणाली. "मोजणं माझं. पहिल्या दिवसापासून."

"नोंदीवर नाव मुलीचं आहे," परीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "मग हा प्रकल्प स्पर्धेत ठेवता येणार नाही. जागेचाही विचार होणार नाही. कळतंय ना?"

नेल्फाने मुलीकडे पाहिले. रीझेलने एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या काचेवर वाफ धरली.

"मला चित्रांच्या शाळेत घाला कधीतरी," ती पुटपुटली. "हे नको."

"ठेवू नका स्पर्धेत," नेल्फा परीक्षकांना म्हणाली. "पण तेवढं शेतकऱ्याला सांगा, दोरी खाली. वाढ कमी होईल, पण हाताला काहीतरी लागेल."

"लिहून घेतलं," परीक्षक म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी लिहून घेतले.

माम किहानो पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "नेल्फा, मोठ्यांच्या वर्गाचा अर्ज मी सगळ्यांना पाठवला होता. तुमचा आला नाही."

नेल्फाने दाराकडे पाहिले.

"माझ्याकडे काय बघतेस?" लोलो म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते. "शाळेतून काढून तुला दोरीला लावली ती मीच. तेव्हा तुला विचारलं नव्हतं. आताही माझ्या तोंडाकडे बघून थांबू नकोस पोरी. बोल."

वारा नव्हता. खाली ओहोटीचे पाणी खांबांभोवती चुळचुळत होते. माझ्यावर कोणाचेच बोट नव्हते, त्यामुळे काय भरायचे ते मला कळत नव्हते. मी नुसता ऐकत राहिलो.

"लिहून घ्या, माम," नेल्फा म्हणाली. "नेल्फा बोयसेर. शेवटची इयत्ता सातवी. मला आठवीत बसायचंय."