माझा हात धरणारी गोळी

"पोर बाळंतपणातून सुखरूप मोकळी होईपर्यंत गोळी घेणार नाही," असं बाई देवापुढे बोलल्या, आणि आत मी हादरलो.

मी त्यांच्या यकृतातला एक विकर. एन्झाइम म्हणा हवं तर. कोलेस्टेरॉल घडवणं हे माझं काम. नाक मुरडू नका, ते काही विष नव्हे. माझा शेजारी विकर त्यातूनच पित्ताम्लं करतो; ती नसती तर तेलाचा थेंब पचला नसता. पण बाईंच्या माहेरी रक्तातलं कोलेस्टेरॉल निपटतच नाही. ते हृदयाच्या वाटांत साचतं. वडील त्यापायी जिन्यात कोसळले, ते उठलेच नाहीत. म्हणून डॉक्टरांची गोळी रोज येऊन माझा हात धरायची, "पुरे रे बाबा!"

बाईंचाही इलाज नव्हता. थोरल्या लेकासाठी साखर सोडून झाली होती, जावेच्या ऑपरेशनसाठी चहा, नवऱ्याच्या नोकरीसाठी दुपारची झोप. सोडण्यासारखी उरली ती गोळी.

आम्ही विकर काही तासांचेच सोबती. एक जातो, दुसरा त्याच जागी 'मी' म्हणत येतो. गोळीने हात धरले की पेशीला वाटतं, माणसं कमी पडली. ती आणखी भरती करते. आता गोळी बंद, आणि आमची फौज मोकळी! थांबावंसं वाटे, थांबता येईना.

"तू तरी जास्त पित्ताम्लं करून हे कोलेस्टेरॉल संपव ना," मी शेजाऱ्याला म्हटलं.

"आतड्यातून पित्ताम्लं परत आली की मला थांबायचा हुकूम असतो. तुझा पसारा मी किती उपसू?"

एकदा धुण्याची बादली घेऊन जिना चढताना बाईंनी कठडा घट्ट धरला. छाती आवळली होती. "काही नाही, पित्त झालंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"घ्या! आळ माझ्यावर!" शेजारी करवादला.

दिवस भरत आलेली मुलगी माहेरी होती. तिने औषधांचा डबा उघडला.

"आई, पाकीट भरलेलंच?"

"देवाला बोललेय गं. मोडू कशी?"

"आणि आजोबांसारखी पडलीस, तर बाळ कुणाच्या मांडीवर देऊ?"

"देवाने मागितली होती का गोळी?" नवरा म्हणाला. "त्याला कुठे कोलेस्टेरॉल झालंय?"

बाई हसल्या नाहीत. देवापुढे बसल्या. "चुकले. जीव तुझाच, तो पणाला लावणारी मी कोण? गोळीच्या जागी, उठसूट ह्यांच्याशी धरते तो अबोला सोडते."

"देव आजच पावला!" नवरा म्हणाला, आणि तसाच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासण्या झाल्या, चार शब्द ऐकावे लागले, गोळी पुन्हा सुरू झाली.

आता माझा हात धरलेला आहे. हृदयाच्या वाटा अजून अरुंद आहेत. फुशारकी मारणार नाही. पण बाई लेकीचे पाय चेपत बसल्यात, आणि आतले आम्ही सगळे त्या बाळाची वाट पाहतोय.

तुम्हीही नवस बोला, मनापासून बोला. सोडायचंच असेल तर रुसवा सोडा, राग सोडा. आणि देवापुढे जोडलेले हात सुटले की त्याच हातांनी आपली गोळी घ्या.