भरली बोडी

पहिल्या कॅसेटमध्ये चिकारा कुठेच ऐकू येत नव्हता. कंपनीने हिरालालच्या गाण्यांवर ऑर्गन आणि बेंजो असे काही लिंपले होते, की म्हाताऱ्या तुलारामजींचा गज तारांवर फिरूनही मुका ठरावा. म्हणून एकोडीच्या या शाहिराने पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात दुसरी कॅसेट स्वतःच काढली. खडी गंमत या गावाकडच्या तमाशातला चिकारा, तुणतुणे, डफ. आणि शब्द आपल्या मुलखाचे.

मुख्य गाणे होते ‘भरली बोडी’. बोडी म्हणजे धानाच्या खाचरांना पाणी देणारे घरचे लहानसे तळे. वडिलांनी खोदलेली बोडी कालवा आल्यावर थोरल्या भावाने, भय्याजीने, कोणालाही न विचारता बुजवली आणि तिथे धान लावले. आता तिचा काठ उरला नव्हता, गाळ नव्हता, संध्याकाळी तिच्यात उतरणारे आभाळ नव्हते. उरला होता एक शब्द. तो भय्याजीच्या कानावर एकदा तरी पडावा, एवढ्यासाठीच हे गाणे होते.

नागपूरच्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट काचेआडून बाहेर आला.

“शाहीर, होडी म्हणा ना. बोडी कोणाला समजणार?”

“ज्याले समजाची त्याले समजते, साहेब. होडीत बसून धान नाई लावत आमी.”

“अन् होडीले आमच्याकडं डोंगा म्हणतेत,” गजाला राळ लावता लावता तुलारामजी पुटपुटले.

हिरालाल बोडीच गायला. चिकाऱ्याचा घोगरा, ओलसर आवाज या वेळी शब्दांच्या शेजारी बसला, ओळखीच्या माणसासारखा.

पोळ्याच्या सुमारास एस.टी.च्या टपावरून कॅसेटची खोकी आली. हिरालालने पहिलेच खोके फोडले. कव्हरवर निळा समुद्र, नारळाची झाडे, शिडाची नाव. आणि ठसठशीत अक्षरांत ‘भरली होडी’. छापखान्याने चूक सुधारली होती. चूक करणाऱ्याशी भांडता येते. सुधारणाऱ्याशी कोणत्या तोंडाने भांडावे?

“आतमंदी तं बोडीच हाय ना?” बायको सत्यवती म्हणाली. “लोकं ऐकतीन.”

पण लोकांच्या कानांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. लाखांदूरच्या स्टँडवर चहावाल्याच्या टेपवर ते गाणे लागले होते आणि किटलीतून चहा ओतताना तो गुणगुणत होता, “माही भरली होडी...”

“बोडी म्हटलं हाय मी,” हिरालाल म्हणाला.

“नाई जी शाहीर, जीभ अडखडली असन तुमची. कव्हर पाहा ना.”

दिवाळीनंतर एकोडीची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली. भय्याजी पुढच्याच रांगेत मांडी घालून बसला होता. हिरालालच्या मागे झील धरणारी पोरे नवी होती. त्यांनी गाणी कॅसेटवरून पाठ केली होती. तुलारामजींनी गज ओढला. हिरालालने भावाकडे पाहिले आणि स्वर लावला,

“बापानं खंदली, मायनं जपली, माही भरली बोडी...”

“भरली होडी, जी जी, भरली होडी!” मागून झील उसळली.

हिरालाल थबकला. पुन्हा म्हणाला, अक्षर अक्षर तोडून, “बो-डी!”

“होडी!” आता सारी मंडईच ओरडली.

भय्याजीचा आकसलेला चेहरा मोकळा झाला. त्याने मांडीवर थाप मारली. “वा रे वा, शाहीर! दर्यात नेलं गा आमाले! आणखी एक डाव होऊ दे!”

पुढची ओळ त्याच्यासाठीच लिहिली होती: कोणं बुजवली, सांग रे दादा. ती हिरालालच्या ओठांपर्यंत आली. आता ती म्हणून काय होणार होते? होडी कोणी बुजवत नाही.

तो तोंड उघडे ठेवून उभा राहिला. शाहीर दम घेतो आहे असे समजून तुलारामजी तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, आणि रिकामी राहिलेली ती जागा मंडईने होडी, होडी म्हणत स्वतःच बुजवून टाकली.