फुलं बघायला दोन फोटो

माझ्या भावाने, केसरीनाथने, आयुष्यात मला एकच प्रश्न मनापासून विचारला, असं मला आठ दिवस वाटत होतं. जानेवारी संपत आला होता. दुपारी फोन आला आणि हा म्हणतो, "ताई, तुला फुलांचा प्रदर्शन बघाला न्यायचा हाय. भायखल्याला एक हाय, ठान्याला एक हाय, कल्यानला पन एक हाय. कंच्या जायाचा, ता तूच सांग."

मी म्हटलं, "बरा हायेस ना?"

तो हसला. वळ हे आमचं माहेरचं गाव, तिथून माझ्या सासरी कामतघरला रिक्षाने अर्धा तास, पण भाऊबीज सोडली तर या माणसाची गाडी आमच्या चाळीकडे कधी वळली नव्हती. वळ गावात आता शेतं राहिली नाहीत, गोदामं आहेत, आणि गोदामं म्हटल्यावर भाडेकरू, कंटेनर, वजनकाटे. बहिणीसाठी वेळ कुठून काढणार? मीच त्याची बाजू घेऊन नवऱ्याला हे सांगायचे.

फुलांचं वेड मला आईकडून आलं. तळ्याकडच्या तुकड्यात बांधावर तिने अबोली लावली होती, आणि सकाळी फुलं खुडून वेण्या करायचं काम माझं होतं. इथे कामतघरला माझ्याकडे गॅलरीत तेलाचे आठ डबे आहेत. खाली दिवसरात्र कापडाचे लूम चालतात, त्यांची रुई उडून पानांवर बसते, म्हणून रोज सकाळी मी ओल्या फडक्याने एकेक पान पुसते. शेजारची म्हणते, "चाची, पत्ते को नहलाती हो क्या?" नहलाते. माझी अबोली आहे, मी बघेन काय करायचं ते.

तर आठ दिवस मी निवड करत बसले. लग्नाला मुलगी बघताना लोक इतका घोळ घालत नाहीत. कल्याण जवळ, पण तिथे काय असणार, झेंडू आणि पुढाऱ्यांचे फलक. ठाण्याला म्हणे नुसते गुलाब. गुलाब मला आवडतो, पण तो जरा शिष्ट असतो. आणि भायखळा म्हणजे राणीची बाग. तिथे बाबा एकदा केसरीला घेऊन गेले होते. तो सहा वर्षांचा, मी बारा. मला म्हणाले होते, "तू मोठी हायेस, बकऱ्यांवर लक्ष ठेव." संध्याकाळी केसरी खांद्यावर झोपून आला आणि त्याच्या मुठीत तिथलं एक चुरगळलेलं पान होतं. ते त्याने मला दिलं. ते पान मी पुस्तकात घालून किती वर्षं ठेवलं होतं, हे सांगायची आता लाज वाटते.

मी फोन केला. "भायखला."

"चालेल," तो म्हणाला. "शुक्रवारी सकाली धाला येतो."

"रविवारी जाऊ ना. आमचे हे पन येतील."

"रविवारी लय गर्दी असते, ताई. तू एकटीच ये. आनि आधार कार्ड घे, दोन फोटो घे."

"फुलं बघाला फोटो?"

"आता सगलीकरं लागतात. सिक्युरिटी."

मी मानलं. रेशनला आधार लागतं, गॅसला लागतं, दवाखान्यात लागतं. फुलांनी काय घोडं मारलं होतं? दुसऱ्या दिवशी मी नाक्यावरच्या स्टुडिओत जाऊन बसले. केसांत अबोलीची वेणी माळली होती, माझ्याच डब्यातली. फोटोवाला म्हणाला, "आपा, पासपोर्ट में फूल नहीं दिखेगा, सामने से लेते हैं." मी म्हटलं, मान जरा वळवते, दिसलं पाहिजे. त्याने आठ प्रती दिल्या.

शुक्रवारी केसरी दहाला आला, अगदी वेळेवर. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मागच्या सीटवर एक पिशवी होती, तिच्यातून साडीचा काठ दिसत होता. बहिणीला फुलं दाखवणार आणि साडीही नेसवणार! मला वाटलं, भाऊ म्हातारपणाकडे झुकला की बहीण आठवते. डोळ्यांत पाणी आलं, ते मी उन्हाच्या नावावर खपवलं.

भायखळ्याला जायचं तर गाडी अंजूरफाट्याकडे वळायला हवी होती. ती उलटी शहरात शिरली.

"दोन मिन्टांचा काम हाय," केसरी म्हणाला. "एक सही."

गाडी थांबली ती रजिस्ट्रेशनच्या कचेरीसमोर. बाहेर टेबलं टाकून वकील बसतात, त्यांतल्या एका टेबलावर कागद तयार होते. टेबलाशी मृणाली नावाची वकिलाची मदतनीस होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिने माझ्याकडून आधार कार्ड घेतलं, फोटो घेतले आणि एक फोटो कागदावर चिकटवला. वर लिहिलं होतं, हक्कसोडपत्र.

हा शब्द आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाप गेला की बहिणींची नावं सातबाऱ्यावर चढतात. मग एक दिवस भाऊ साडीचोळी घेऊन येतो आणि बहीण सही करून नाव उतरवते. माझ्या तिन्ही आत्यांनी असंच केलं होतं. हिस्सा मागणारीला माहेर उरत नाही, हे आम्ही पदर सांभाळायला शिकतो त्याच वयात शिकतो. माझं नाव कुठे आहे, हे मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. आता कागदावर पाहिलं. तळ्याकडचा तुकडा. कागदावर त्याचं हे नाव नव्हतं, नंबर होता, पण चतुःसीमेत पूर्वेला तळं लिहिलं होतं. गावात तेवढाच एक तुकडा गोदामाशिवाय राहिला होता. माझ्या सहीसाठी राहिला होता.

खरं सांगते, माझा हात पेनाकडे गेला होता. द्यायचंच होतं. घरी येऊन, ताई, सही दे, एवढं म्हणाला असता तर मी चहा ठेवायच्या आधी सही केली असती. मनात म्हटलं, असू दे, कामाच्या निमित्ताने का होईना, फुलं तर दाखवतोय.

तेवढ्यात मृणाली दुसरा फोटो चिकटवताना म्हणाली, "वेणी छान आहे हो, मावशी. घरची?"

"घरची. आज राणीच्या बागेत जायचंय ना, प्रदर्शनाला."

तिचा हात थांबला. "ते तर मागच्या रविवारी संपलं. मी गेले होते."

मी केसरीकडे बघितलं. तो मोबाईल बघत होता. मृणालीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. ती घाईघाईने म्हणाली, "ठाण्याचं आहे अजून. पण ते उद्यापासून."

"आणि कल्याणचं?" मी विचारलं.

"कल्याणला कुठे असतं प्रदर्शन?" ती म्हणाली.

केसरी म्हणाला, "ताई, आदी आत चल. नंबर आलाय आपला."

तेव्हा मला राग आला. जमिनीचा आला नाही. आठ दिवस मी कल्याणच्या झेंडूंना नावं ठेवत होते, आणि ते झेंडू जगात नव्हतेच. त्याने दोन नावं ऐकली असतील कुठेतरी, तिसरं भर म्हणून टाकलं. तारीखसुद्धा बघितली नव्हती. सही झाल्यावर मला काय सांगणार होता, गाडी पंक्चर झाली?

आत साहेब होते, बरे गृहस्थ. एकेकाला तेच ठरलेले प्रश्न विचारत होते. माझी पाळी आली. कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं, मी बघितलं. मग त्यांनी विचारलं, "बाई, कशासाठी आलात, माहीत आहे ना?"

"हो, साहेब," मी म्हटलं. "फुलांचं प्रदर्शन बघायला."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा बघितला, माझा फोटो बघितला. "दस्त वाचून दाखवलाय का तुम्हाला?"

"नाही. मला भावाने आधार कार्ड आणि दोन फोटो आणायला सांगितले. प्रदर्शनाला लागतात म्हणून."

केसरी पुढे सरकला. "साहेब, ती मस्करी करतेय. ताई, बोल ना."

"मी मस्करी करत न्हाय, केसरी. मस्करी तू केलीस."

साहेबांनी कागद बाजूला सारला आणि वकिलाला म्हणाले, "बाईंना नीट समजावून मग आणा. असं नोंदणार नाही मी." आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर आल्यावर केसरी गाडीपाशी उभा राहिला, दार उघडलं नाही. "चार मान्सांत माजी इज्जत काडलीस."

"मागितलं असतंस तर दिलं असतं रे."

"आता दे."

"आता फुलं दाखव."

त्याच्या चेहऱ्यावर मला न कळण्यासारखं काहीच नव्हतं. मी हट्टी म्हातारी आहे, आणि दुपारी कंटेनर यायचा आहे, एवढंच होतं. "माहेर इसर मग," तो म्हणाला आणि गाडीत बसला. मागच्या काचेतून पिशवी दिसली. साडी हिरवी होती. मी रिक्षा करून घरी आले. नवऱ्याने विचारलं, "एवढ्यात झालं बघून?" मी म्हटलं, "झालं," आणि फडकं घेऊन गॅलरीत गेले.

त्या वर्षी भाऊबीजेला मी ताट तयार ठेवलं होतं. का ते विचारू नका. संध्याकाळी त्यातला दिवा शांत झाला आणि करंज्या शेजारच्या पोरांनी खाल्ल्या.

मग परवा, वर्षाने, फोन आला. आवाज मऊ होता. "ताई, झाला गेला सोड. औंदा खरोखर नेतो. भायखला म्हन, ठाना म्हन. कंच्या जायाचा, ता तूच सांग."

मला माझाच संताप येतो, पण जे झालं ते सांगते. फोन कानाला असतानाच मी मनात निवडायला लागले होते. भायखळाच बरं, ठाण्याचे गुलाब शिष्ट असतात. कपाटात उरलेले सहा फोटोसुद्धा आठवले. मग मी विचारलं, "रविवारी नेशील?"

पलीकडे कंटेनर मागे घेतानाची पिपाणी वाजत होती.

"रविवारी लय गर्दी असते, ताई," केसरी म्हणाला.